खरवडलेली आयसी

नंबर खरवडणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग आहे. आयसी म्हणजे बोर्डावरची चिप, तिच्या काळ्या पाठीवर बारीक अक्षरांत तिचं नाव आणि नंबर छापलेला असतो. तो वाचला की ती कोण, तिचा कुठला पाय कशाचा, जळली तर बदली काय टाकायची, सगळं कळतं. आणि आमच्यातले काही अतिशहाणे काय करतात, तर बोर्ड बनवून झाला की पॉलिश पेपर घेऊन तो नंबर घासून काढतात. का, तर दुसऱ्यानं बघून तसाच बोर्ड बनवू नये. पुढं तोच बोर्ड बिघडून माझ्या टेबलावर येतो आणि मी त्या बिनचेहऱ्याच्या तुकड्याकडं बघत बसते.

अभिमन्यू त्यातलाच एक. यंत्रमागांच्या आमच्या शहरात, भवानी पेठेत माझं दुकान आहे. खरं तर अब्बांचं. त्यांची नजर गेल्यापासून मीच बघते. मागांचे बोर्ड, पिठाच्या गिरणीचे, पंपाचे, जे येईल ते दुरुस्त करते आणि सुटे पार्टही विकते. अभिमन्यू पार्ट न्यायला यायचा. करमाळ्याकडचा पोरगा, उजनीच्या पाण्याला लागून त्यांचं रान, केळी आणि ऊस. आयटीआय केलेलं होतं आणि डोक्यात सतत काहीतरी किडा वळवळत असायचा. मोटारीचा स्टार्टर फोनवरून चालवायचा बोर्ड त्यानं स्वतः बनवला होता. बोर्डात एक सिम कार्ड. लाईट आली की बोर्ड घरच्या फोनला रिंग द्यायचा. मोटार पाण्याकाठी, घर वर टेकाडावर, आणि लाईट यायची वेळ दर आठवड्याला वेगळी. त्यामुळं काठच्या गावांत त्याच्या बोर्डाला चांगली मागणी होती.

"उंटावरून शेळ्या हाकायचं मशीन काढलंस की रे," मी त्याला म्हणायची.

"आपा, शेळ्या हाकल्या जात्यात न्हवं? मग झालं की," तो म्हणायचा.

नंबर घासण्यावरून मात्र आमचं खरंच वाजायचं. एकदा तर मी त्याला हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं मारायचीच बाकी ठेवली होती. त्याचं म्हणणं, कुणीतरी त्याचा बोर्ड उघडून हुबेहूब तसाच बाजारात आणला होता. "आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय, आपा. मी किती दिवस बघत बसू?" मी म्हटलं, अरे, हा रोगापेक्षा इलाज भयंकर आहे. उद्या तुझा बोर्ड दुरुस्त करायचा म्हटलं तर कुणाला कळणार? तो हसला आणि म्हणाला की दुरुस्तीला लोक त्याच्याकडंच येतील, तो काय कुठं पळून चाललाय.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं, तसे काठचे लोक आपले पाइप पाण्याच्या मागं मागं नेतात. अभिमन्यू सकाळी पाइप ओढायला खाली उतरला. मोटार बंद होती. पण स्टार्टरचा एक पॉइंट चिकटून राहिला होता आणि करंट पाइपात उतरला होता. त्यानं हात लावला आणि संपलं. मला ही बातमी त्याच्याच भागातल्या एका गिऱ्हाइकानं सांगितली. मी त्याला खोटारडा म्हणाले, वाट्टेल ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा मला कळलं की खरं आहे.

दिवाळी होऊन गेल्यावर त्याचे आईवडील दुकानात आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण बापाचं नाक बघून लगेच ओळखलं. बापाचं नाव मानसिंग, आईचं सोनाबाई. सोनाबाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आयेशाबाई तुमीच का?" मानसिंगकाकांनी विचारलं. "आमचा अभी लई नाव काढायचा. आपा म्हणायचा तुमाला."

मी नुसती मान हलवली. चहा मागवला. टॉवेलातून निघाला तो त्याचाच बोर्ड, त्यांच्या घरच्या मोटारीचा. एका बाजूनं काळा पडला होता. विजेचा दाब अचानक वाढला आणि बोर्ड जळला, असं काका म्हणाले. मी म्हटलं, हा काही आता चालायचा नाही, नवा बसवून घ्या.

"नवा बसिवलाय," सोनाबाई म्हणाल्या. "मोटार चालतीया. आमाला ह्यो चालाया नगं. ह्यातला त्यो तेवढा काढून दे."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं.

त्या भागात स्टार्टरचा फोन कुणी उचलत नाही. रिंग वाजली की कट करायची आणि लाईट आली असं समजायचं. उचलला तर बोर्डातल्या सिमचं बॅलन्स जातं, ते संपलं की बोर्ड मुका होतो. त्यामुळं लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, मोटारीचा फोन कट करायचा. अभिमन्यूनंच आईला शिकवलं होतं, तिच्या फोनवर मोटारीचं चित्र लावून दिलं होतं. तिनं कधीच तो फोन उचलला नाही. तो गेल्यावर पावसाळ्यात एकदा स्वयंपाक करताना रिंग आली, कट करताना पिठाचा अंगठा घसरला आणि फोन उचलला गेला. आणि फोनमधून तिचा पोरगा बोलला, लाईट आली आहे म्हणून.

"मी खालीच बसले की," सोनाबाई म्हणाल्या. "तवा पातुर मला ठाव नव्हतं, उचलला तर त्यो बोलतोय म्हणून."

तेव्हापासून त्या प्रत्येक फोन उचलायच्या. लाईट आली आहे, मोटार चालू करता येईल, एवढंच तो म्हणायचा आणि फोन बंद व्हायचा.

"गाव लाईटीची वाट बघतंय मोटारीसाटी," काका म्हणाले, "आन् ही बघायची ह्याच्यासाटी. मी बी मग हिच्यापाशी येऊन बसायचो. खोटं कशाला बोलू."

मी बोर्ड दिव्याखाली धरला. सगळ्या आयसींचे नंबर घासलेले. एक म्हणून सोडली नव्हती. मेलेल्या माणसाला शिवी देऊ नये म्हणतात, पण मी मनातल्या मनात चांगली लांबलचक दिली. त्यातल्या कुठल्या तरी एकीत त्याचा आवाज होता. ती जिवंत आहे का जळली हेही माहीत नव्हतं, आणि ती कोण हे सांगणारं एक अक्षर त्यानं शिल्लक ठेवलं नव्हतं.

मी त्यांना सरळ सांगितलं. आवाज साठवणाऱ्या आयसीला एक रेकॉर्डिंगचा पाय असतो. नंबर माहीत नसताना अंदाजानं करंट दिला आणि तो चुकून त्या पायावर गेला, तर जुना आवाज पुसला जाईल आणि त्या जागी माझ्या पंख्याची घरघर भरली जाईल. परत आणता येणार नाही.

सोनाबाईंनी बोर्डाकडं पाहिलं. "मग घाई करू नगंस," त्या म्हणाल्या. "आन् सापडला तरी एकटी ऐकू नगंस, पोरी. आमी आल्याव लाव. आदी मला ऐकायचाय."

मी कबूल केलं.

त्यानंतर माझं बाकीच्या कामात लक्ष लागेना. आधी सोपे उपाय केले. स्पिरिटनं पाठ पुसली, टॉर्च आडवी धरून पाहिली, खडूची पूड चोळून पाहिली. कधीकधी नंबराची पुसटशी रेघ राहिलेली असते. इथं काही नाही. पोरगं घासायचं कामही चोख करायचं, मेलं.

मग पायांवरून शोधायला लागले. कुठल्या आयसीच्या पायापासून कुठली तांब्याची रेघ कुठं जाते, मीटर लावून एकेक बघायचं. अब्बा शेजारी खुर्चीत बसून असायचे. त्यांना दिसत नव्हतं, पण मीटरची पीप ऐकली की हुंकार भरायचे. एका मोठ्या आयसीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा माइक सापडला. बाजारच्या बोर्डात माइक कशाला असेल? म्हणजे यानं इथंच तोंड लावून आवाज भरला होता. आवाजाची आयसी ती हीच.

पण त्या मापाच्या दोन जातींच्या आयसी बाजारात मिळतात, आणि दोन्हींचा रेकॉर्डिंगचा पाय वेगळ्या जागी. एका जातीत सगळे आवाज एका लांब पट्टीत असतात, दुसरीत प्रत्येक आवाजाला वेगळा पाय असतो. या आयसीच्या ओळीनं असलेल्या चार पायांपासून चार सरळ रेघा निघून मुख्य आयसीला जात होत्या. म्हणजे दुसरी जात. तरीही माझा धीर होईना. मी पुण्याहून त्या जातीची एक कोरी आयसी मागवली आणि दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक पायाचं माप घेतलं. पायागणिक जुळलं. रेकॉर्डिंगचा पाय जिथं असायला हवा तिथं मी भिंग धरलं, तर त्याची रेघ ब्लेडनं कापलेली. आवाज भरून झाल्यावर चुकून कधी पुसला जाऊ नये म्हणून त्यानं ती स्वतःच कापून ठेवली होती.

मला त्या पोराचं इतकं कौतुक वाटलं की मी मोठ्यानं "वा रे गब्रू" म्हणाले आणि मग रडायला आलं.

आणि चार पाय म्हणजे चार आवाज! मी लगेच फोन लावला. "मावशी, एक नाही, चार आवाज आहेत! तुम्ही एकच ऐकलाय. अजून तीन आहेत!" पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सोनाबाईंनी काकांना हाक मारली, "अवो, चार हायत म्हणं," आणि फोन तसाच चालू ठेवून ती दोघं एकमेकांशी बोलत राहिली. मी ऐकत राहिले. इतक्या महिन्यांत त्या घरात कुणी इतक्या आनंदानं बोललं नसेल.

ते केळीचा फणा घेऊन आले. सोनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. मी आयसी उतरवून एका छोट्या बोर्डावर बसवली होती, स्पीकर जोडला होता, चार बटणं लावली होती. पंखा बंद केला. पाठीमागच्या गल्लीतले माग मात्र माझ्या हातात नव्हते, ते खडखडत होते.

पहिलं बटण दाबलं. "लाईट आली आहे. मोटार चालू करता येईल." आवाज थोडा घोगरा, पण त्याचाच.

"ह्योच," सोनाबाई म्हणाल्या. "बघ की, कसा साळंत बोलल्यावानी बोलतोय."

दुसरं दाबलं. "लाईट गेली आहे." बोर्डातली बॅटरी संपलेली असणार, म्हणून हा त्यांना कधी ऐकू आला नव्हता. तिसरं. "पाणी येत नाही. मोटार बंद केली आहे." प्रत्येक आवाजाला सोनाबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या आणि डोळे गळत होते. काका तो रिकामा टॉवेल घडी करत होते, पुन्हा उलगडत होते. मीसुद्धा हसत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हे माझ्या हातून आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम झालंय.

चौथं बटण दाबलं.

"आई, पाइपाला हात लावू नको. करंट उतरलाय. कुणालाच खाली जाऊ देऊ नको. आधी मेन बंद कर."

हा आवाज शाळेतला नव्हता. घाईनं, घरातल्यासारखा बोललेला होता.

मला आधी कळलं. बोर्डाच्या कोपऱ्यात तारेची एक छोटी गुंडाळी होती, ती कशासाठी हे मला उमगलं नव्हतं. आता उमगलं. करंट कुठं गळायला लागला तर ती ओळखते. म्हणजे त्यानं त्याचीही सोय केली होती. करंट उतरला की बोर्ड आईला फोन करणार आणि सांगणार. पण फोन कट करायलाही त्यानंच शिकवलं होतं. बोर्ड बोंब मारू शकतो, माणसाचा हात धरू शकत नाही.

सोनाबाईंनी पदर खाली घेतला. "ह्यो कवा लावायचा त्यो बोर्ड?"

माझी जीभ एरवी दोन हात लांब. पेठेतली माणसं मला घाबरून असतात. मला खोटं बोलायचं होतं, हा आवाज नुसता तपासायला भरलेला, कधी वाजलाच नसेल, असं काहीतरी. पण मी कापडानं ती बटणंच पुसत बसले.

"करंट उतरल्यावर लावायचा न्हवं?" त्यांनीच विचारलं.

"हो, मावशी."

"फोन करून?"

"हो."

त्यांनी पदर नीट सारखा केला. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा बोलल्या. "त्या दिशी सकाळी रिंग आली हुती. मी कट केली. त्यो च्या पीत बसला हुता. मी म्हणलं, लाईट आली रं, ऊठ, पाइप वडून घे जा. अर्धा च्या ठिवून गेला."

मागांची खडखड चालू होती. मला त्या मागांचा, त्या बोर्डाचा, स्वतःच्या हुशारीचा इतका राग आला की काय करू ते सुचेना.

"तू न्हवं," मानसिंगकाका एकदम म्हणाले. "मी म्हणलो हुतो."

सोनाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"फोन माझ्यापाशी हुता," काका म्हणाले. "मीच कट केला. मीच त्याला उटवला, जा म्हणून. तुला आठवत न्हाय."

"तुमी केळीच्या गाडीसंगं टेंभुर्णीला गेलता."

"न्हाय. घरातच हुतो."

"अवो, तुमी आला तवा माणसं जमली हुती अंगणात. तुमाला धरून आणावं लागलं रस्त्यापासनं."

"घरातच हुतो म्हणतोय न्हवं!" काका ओरडले आणि त्यांचा आवाज फाटला. टॉवेल तोंडावर धरून ते रडायला लागले. तो माणूस जन्मात कधी खोटं बोलला नसावा, इतकं वाईट जमलं त्यांना ते. सोनाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढं काही वाद घातला नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. मी त्याच्यावर विनाकारण ओरडले आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं मी सोनाबाईंचा फोन मागितला. आवाज त्यात भरून देते म्हणाले. "पहिले तीन भरते, मावशी."

"व्हय, तीनच द्या," काका म्हणाले. "चौथा पुसून टाका, बाई. तुमच्या पाया पडतो."

सोनाबाईंनी आयसीवर हात ठेवला. त्या काळ्या तुकड्यावर त्यांचा रापलेला हात होता आणि तो हलायला तयार नव्हता.

"पुसायचं न्हाय."

"अगं, रोज ऐकशील आन् रोज मरशील."

"मरंन," सोनाबाई म्हणाल्या. "पर त्या तिन्हीत त्यो कुणासंगं बोलतोय? कुणासंगं बी न्हाय. ह्या एकात त्यानं मला आई म्हणलंय."

मी चौथा आवाज आधी भरला, मग बाकीचे तीन. फोन त्यांच्या हातात दिला. कुठं दाबायचं ते दाखवलं. त्यांनी तिथंच, माझ्या टेबलापाशी बसून चौथा लावला. फोन कानाला घट्ट धरला. आतून तो "आई" म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हय रं बाळा, बोल."